महामानवाच्या स्मृतिवस्तूंचा संग्रह : एक अभ्यास



परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची जयंती आपण दरवर्षी मोठ्या उत्साहाने साजरी करतो. मिरवणूक निघते, व्याख्याने होतात. आठ दिवसांनी मंडप उतरतो आणि सारे शांत होते. या उत्साहातून पुढच्या पिढीच्या हाती प्रत्यक्ष काय उरते, हा प्रश्न आम्हांला एका घटनेमुळे पडला. लेखाची सुरुवात त्या घटनेपासून करणे आम्हांला योग्य वाटते, कारण त्यात चूक आमचीच होती.

काही वर्षांपूर्वी वस्तीतील जुन्या समाजमंदिराचे पत्रे बदलण्याचे काम निघाले. माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात जुन्या सभांच्या इतिवृत्ताच्या वह्या, जयंतीच्या वर्गणीच्या पावत्यांच्या स्थळप्रती, 'प्रबुद्ध भारत'चे काही सुटे अंक आणि कुठल्याशा परिषदेचा एक समूह-फोटो होता. कागद पिवळे पडलेले, कडा कसरीने खाल्लेल्या. पाऊस तोंडावर आला होता आणि आम्ही कार्यकर्ते घाईत होतो. सगळा ऐवज रद्दीत किलोवर गेला आणि ट्रंक भंगारवाल्याने नेली. दुसऱ्या दिवशी आमचे एक वयोवृद्ध सभासद, ज्यांना आम्ही सर्व जण तात्या म्हणतो, ते आले आणि म्हणाले, "ट्रंक कुठं ठेवलीसा रे पोरांनो? त्यातल्या फोटोत आमचं वडील हुतं." त्यांच्या वडिलांचा दुसरा एकही फोटो त्यांच्या घरी नव्हता. आम्ही रद्दीच्या दुकानात धावलो, पण माल पुढे गेला होता.

तात्या आम्हांला काही बोलले नाहीत. परंतु तेव्हापासून आम्ही या विषयाचा थोडा अभ्यास सुरू केला. तोच येथे मांडत आहोत.

१. बौद्ध परंपरेतील आधार

स्मृती जपणे हे आपल्या परंपरेत नवीन नाही. कालिंगबोधि जातकात आनंद तथागतांना चेतियांचे प्रकार विचारतात, तेव्हा तीन प्रकार सांगितले जातात. पहिले शारीरिक, म्हणजे देहाचे अवशेष. दुसरे पारिभोगिक, म्हणजे वापरातील वस्तू व स्थाने. बोधिवृक्ष त्यात येतो. तिसरे उद्देशिक, म्हणजे त्या व्यक्तीला उद्देशून केलेली प्रतिमा वा प्रतीक. पुढील काळात चौथे धम्मचेतियही मानले गेले. ते म्हणजे वचनांचे, ग्रंथांचे चेतिय.

याच जातकात उद्देशिकाविषयी एक सूचना आहे. त्याला स्वतःचा असा आधार नसतो, ते केवळ मनावर अवलंबून असते. आम्हांला ही सूचना फार मोलाची वाटते. भिंतीवर प्रतिमा आहे, पण पाहणाऱ्याच्या मनात अभ्यास नाही, तर ती प्रतिमा नुसता रंग आणि कागद आहे. बाबासाहेबांच्या स्मृतिवस्तूंचा विचार आपण याच वर्गवारीने करू.

२. पारिभोगिक : वापरातील वस्तू

बाबासाहेबांच्या वापरातील वस्तू महाराष्ट्रात प्रामुख्याने तीन ठिकाणी पाहावयास मिळतात. दादरच्या हिंदू कॉलनीतील 'राजगृह' ही वास्तू त्यांनी ग्रंथांसाठी म्हणून बांधून घेतली. तिचा तळमजला आज स्मारकरूपाने आहे. पुण्यात सिम्बायोसिस संस्थेचे संग्रहालय १९९६ साली सुरू झाले. माईसाहेब, म्हणजे डॉ. सविता आंबेडकर यांनी जपलेल्या अनेक वस्तू तेथे दिल्या. बाबासाहेबांना १९९० साली मरणोत्तर देण्यात आलेला 'भारतरत्न' किताबही तेथेच आहे.

तिसरे ठिकाण नागपूरजवळ चिचोली येथील शांतिवन. नागपूरच्या १९५६ च्या धम्मदीक्षा सोहळ्याच्या आयोजनात अग्रभागी असलेले वामनराव गोडबोले यांनी हा संग्रह उभा केला. बाबासाहेबांचे दिल्लीतील सचिव नानकचंद रत्तू यांनी आपल्याजवळ सांभाळून ठेवलेल्या वस्तू त्यांच्या स्वाधीन केल्या. कोट, टोप्या, टंकलेखनयंत्र, लेखनसाहित्य असा तो ठेवा आहे.

येथे विद्यार्थ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या संग्रहांच्या मुळाशी कोणी राजा किंवा धनिक नव्हता. एक सचिव होता, एक पत्नी होती, एक कार्यकर्ता होता. त्यांनी वस्तू फेकल्या नाहीत, एवढेच प्रथम केले. बाकीचे सर्व पुढे घडले.

३. उद्देशिक : पुतळे, चित्रे, तिकिटे, नाणी

या बाबतीत आपल्या कोल्हापूरचा मान मोठा आहे. बिंदू चौकात महात्मा जोतीराव फुले आणि बाबासाहेब यांचे अर्धपुतळे ९ डिसेंबर १९५० रोजी बसविण्यात आले. यामागे भाई माधवराव बागल यांचा पुढाकार होता आणि शिल्पकार होते बाळ चव्हाण. बाबासाहेब त्या वेळी हयात होते. त्यांच्या हयातीतच त्यांचा पुतळा उभारणारे शहर म्हणून कोल्हापूरचे नाव घेतले जाते. बागल स्वतः चित्रकार होते, हेही ध्यानात ठेवावे. कोल्हापूरच्या कलेची परंपरा आणि समतेची चळवळ त्या चौकात एकत्र आली.

दिल्लीत संसदेच्या आवारात ब्रह्मेश वाघ यांनी घडविलेला ब्राँझचा पूर्णाकृती पुतळा २ एप्रिल १९६७ रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते अनावृत झाला. २०२४ साली तो आवारातीलच 'प्रेरणा स्थळ' येथे हलविण्यात आला. संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात मात्र बाबासाहेबांचे तैलचित्र लागण्यास १२ एप्रिल १९९० हा दिवस उजाडावा लागला. घटनेच्या मसुदा समितीच्या अध्यक्षांचे चित्र तेथे लागण्यास घटना अमलात आल्यापासून ४० वर्षे गेली. स्मृतिवस्तूंच्या तारखाही इतिहास सांगतात, तो असा.

सामान्य माणसाला परवडणारा संग्रह म्हणजे टपाल तिकिटे आणि नाणी. बाबासाहेबांवरील पहिले तिकीट १४ एप्रिल १९६६ रोजी निघाले. त्याची किंमत १५ पैसे होती. त्यानंतर १९७३ मध्ये २० पैशांचे आणि १९९१ मध्ये जन्मशताब्दीनिमित्त १ रुपयाचे तिकीट निघाले. २००१ मध्ये ३ रुपयांचे नित्य वापराचे तिकीट आले. २०१५ मध्ये बाबासाहेब आणि संविधान या विषयावर, तर २०१७ मध्ये दीक्षाभूमीवर तिकीट निघाले. जन्मशताब्दीचे १ रुपयाचे नाणे १९९० सालचे आहे. ते चलनात पुष्कळ फिरले, म्हणून जुन्या डब्यात आजही सापडू शकते. ६ डिसेंबर २०१५ रोजी १० रुपयांचे आणि १२५ रुपयांचे अशी स्मरणार्थ नाणी प्रकाशित झाली.

या सर्व वस्तू एका वहीत तारखेप्रमाणे लावल्या, तर देशाने बाबासाहेबांना केव्हा व कोणत्या रूपात स्वीकारले, याचा आलेखच तयार होतो. केवळ तिकिटे जमविणे हा छंद झाला. तो क्रम वाचणे हा अभ्यास होय.

४. शब्दांचे चेतिय : अंक आणि हस्तलिखिते

आमच्या मते सर्वांत मोलाचा आणि सर्वांत नाजूक ठेवा हा आहे. 'मूकनायक' पाक्षिकाचा पहिला अंक ३१ जानेवारी १९२० रोजी निघाला. त्याला राजर्षी शाहू महाराजांनी २,५०० रुपयांचे साहाय्य केले. पुढे 'बहिष्कृत भारत' ३ एप्रिल १९२७ रोजी, 'जनता' २४ नोव्हेंबर १९३० रोजी आणि 'प्रबुद्ध भारत' ४ फेब्रुवारी १९५६ रोजी सुरू झाले. हे अंक वाचणारे लोक बहुधा मजुरी करणारे होते. एक अंक वस्तीत दहा जणांच्या हातून फिरे, तक्क्यात मोठ्याने वाचला जाई. जो कागद इतका वाचला गेला तो टिकणार कसा? म्हणून मूळ अंक आज दुर्मिळ आहेत.

यात दोन माणसांचे ऋण समाजाने मानले पाहिजे. चांगदेव भवानराव खैरमोडे यांनी बाबासाहेबांच्या हयातीतच पत्रे, कात्रणे, आठवणी जमविण्यास प्रारंभ केला आणि चरित्राचा पहिला खंड १९५२ साली प्रसिद्ध केला. दुसरे वसंत मून. महापरिनिर्वाणानंतर बाबासाहेबांची हस्तलिखिते बरीच वर्षे सरकारी अभिरक्षकांच्या ताब्यात पेट्यांत बंद होती. ती बाहेर यावीत म्हणून अनेकांनी पाठपुरावा केला आणि १९७९ पासून महाराष्ट्र शासनाने 'लेखन आणि भाषणे' हे खंड प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली. मून त्यांचे संपादक होते. आज आपण कपाटातून जो खंड सहज काढतो, तो एके काळी बंद पेटीतील कागद होता. आमच्या हातून रद्दीत गेलेली ट्रंक आठवली, की ही गोष्ट आम्हांला अधिकच बोचते.

५. आपल्या तालुक्याचे धन

दूरच्या संग्रहालयांकडे पाहताना आपण आपल्या पायाखालची भूमी विसरतो. २१ व २२ मार्च १९२० रोजी झालेली माणगावची परिषद आपल्याच हातकणंगले तालुक्यातील आहे. बाबासाहेब त्या वेळी एकोणतिशीच्या आतले तरुण प्राध्यापक होते. 'मूकनायक' सुरू होऊन दोन महिनेही झाले नव्हते. त्या परिषदेत शाहू महाराज स्वतः आले आणि बहिष्कृत समाजाला त्याचा पुढारी मिळाला, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. माणगावचे आप्पासाहेब पाटील या परिषदेच्या मागे उभे होते. ते जैन समाजातील होते, ही गोष्ट मुलांना आवर्जून सांगावी.

वडगाव ही पेठ आहे. आठवडी बाजाराला भोवतालच्या खेड्यांतून माणसे पिढ्यान्‌पिढ्या येत आली. माणगावची बातमी, पुढे १९५६ च्या धम्मदीक्षेची बातमी, बाजारातूनच गावोगाव गेली असेल. या परिसरातील घरांत अजूनही काय काय असू शकेल, याचा विचार करा. दीक्षा घेताना नेसलेले पांढरे लुगडे, जलशाच्या गाण्यांची हाताने लिहिलेली वही, भूमिहीनांच्या सत्याग्रहातील किंवा मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतर लढ्यातील तुरुंगाचा कागद, जुन्या जयंतीचे हस्तपत्रक, वर्गणीची चार आण्यांची पावती. बाजारात त्यांना किंमत नाही, परंतु त्यांच्याशिवाय आपल्या गावाचा इतिहास लिहिता येणार नाही. मोठ्या नेत्याच्या वस्तू मोठी संग्रहालये जपतील. त्या नेत्याच्या हाकेला ओ देणाऱ्या सामान्य माणसाच्या वस्तू आपण जपल्या नाहीत, तर दुसरे कोणी जपणार नाही.

६. वस्तूचे वय कसे ओळखावे

जुन्या कागदावर पुष्कळदा साल नसते. त्या वेळी पुढील खुणा उपयोगी पडतात.

(अ) किंमत आण्यांत असेल तर कागद साधारणपणे १९५७ च्या आधीचा. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली आणि १९६४ पर्यंत 'नवे पैसे' असे लिहीत.

(आ) 'कोल्हापूर संस्थान' किंवा 'करवीर' असा राज्याचा उल्लेख असेल तर तो १ मार्च १९४९ च्या विलीनीकरणापूर्वीचा असण्याचा संभव. 'मुंबई राज्य' असेल तर १ मे १९६० च्या आधीचा.

(इ) पत्त्यात सहा अंकी पिन क्रमांक असेल तर कागद १५ ऑगस्ट १९७२ नंतरचाच.

(ई) 'त्यानें', 'कोठें' असे न उच्चारले जाणारे अनुस्वार असतील तर छपाई बहुधा १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीची किंवा त्या वळणात वाढलेल्या माणसाची.

(उ) फोटो खरा की छापील, हे भिंगाने पाहावे. बारीक ठिपके दिसले तर ते छापील चित्र आहे. फोटोखालील सहीसुद्धा पुष्कळदा छापलेली असते. शाईच्या सहीत कोठे दाब अधिक, कोठे कमी असतो आणि कागदावर शाई मुरलेली दिसते.

ही शेवटची खूण महत्त्वाची आहे. अलीकडे बाबासाहेबांच्या नावावर जुन्या वस्तूंचा व्यापार वाढला आहे. वस्तू कोणाकडून आली, तिच्याकडे ती कशी आली, ही साखळी जो सांगू शकत नाही त्याच्याकडून श्रद्धेच्या भरात काही विकत घेऊ नये. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे १०० वर्षांवरील कलावस्तू आणि ऐतिहासिक महत्त्वाची ७५ वर्षांवरील हस्तलिखिते व दस्तऐवज पुरावस्तू ठरतात. खासगी व्यक्तीला त्या परदेशी पाठविता येत नाहीत, हेही ठाऊक असावे.

७. जतन कसे करावे

आपल्या भागातील पाऊस आणि दमट हवा हे कागदाचे पहिले शत्रू. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत नदीकाठच्या गावांतील किती घरांचे कागद आणि फोटो वाहून गेले, ते आपण पाहिले आहे. म्हणून महत्त्वाची पेटी जमिनीवर न ठेवता उंचावर ठेवावी, मात्र गळक्या पत्र्याखाली ठेवू नये.

कागदाला चिकटपट्टी लावू नये. काही वर्षांनी तिचा गोंद तपकिरी होऊन अक्षरे खातो. लॅमिनेशन तर मुळीच करू नये, कारण ते परत काढता येत नाही. टाचण्या गंजतात, म्हणून काढून टाकाव्यात. घड्या हळूच उलगडून कागद सपाट ठेवावा आणि स्वच्छ सुती कापडात किंवा चांगल्या प्रतीच्या पांढऱ्या कागदात गुंडाळावा. वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी व नंतर, पेटी उघडून सावलीत वारा द्यावा. थेट उन्हात ठेवू नये.

फोटोच्या मागे पेनने लिहू नये. मऊ पेन्सिलीने कडेला नावे लिहावीत. विहारातील जुन्या फोटोंना मेणबत्ती व अगरबत्तीचा धूर लागून काजळी धरते. वंदनेसाठी नवी प्रत लावावी आणि मूळ फोटो आत ठेवावा. तिकिटे बोटांऐवजी चिमट्याने उचलावीत, गोंदाने चिकटवू नयेत. नाणी चिंचेने किंवा पावडरीने घासू नयेत. घासलेल्या नाण्यावरील बारीक रेषा जातात.

आज मोबाईलने प्रत काढणे सोपे झाले आहे. प्रत्येक कागदाचा दिवसाच्या उजेडात, सावली पडू न देता फोटो घ्यावा आणि तो दोन वेगळ्या ठिकाणी साठवावा. परंतु प्रत निघाली म्हणून मूळ कागद टाकून देऊ नये.

सर्वांत आवश्यक म्हणजे नोंदवही. क्रमांक, वस्तूचे वर्णन, कोणाकडून मिळाली, केव्हा मिळाली, तिच्यामागची हकिगत आणि ती भेट आहे की सांभाळण्यास दिलेली, एवढे रकाने पुरेत. हकिगतीवाचून वस्तू मुकी असते. आजीचे पांढरे लुगडे हे नोंदीशिवाय केवळ जुने कापड आहे.

८. भक्ती की अभ्यास?

कोणी म्हणेल, बाबासाहेबांनी व्यक्तिपूजेला विरोध केला, मग वस्तूंचे एवढे स्तोम कशासाठी? हा आक्षेप टाळून चालणार नाही. २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतील भाषणात त्यांनी राजकारणातील भक्तीचा धोका स्पष्ट सांगितला होता. थोर पुरुषांविषयी कृतज्ञता असावी, पण तिच्यासाठी आपली विचारशक्ती गहाण टाकू नये, असा त्या सांगण्याचा आशय आहे.

आम्ही याचा अर्थ असा घेतो. कोट पाहून जो केवळ हात जोडतो त्याने अर्धेच पाहिले. हा कोट घालणाऱ्या माणसाला शाळेत पाण्याच्या भांड्याला हात लावू देत नव्हते, आणि त्याच माणसाने पुढे देशाच्या घटनेचा मसुदा सभागृहापुढे मांडला, हे ज्याला त्या कोटापुढे आठवते त्याने पुरते पाहिले. वस्तू पुरावा आहे. ज्या समाजाजवळ पुरावे नसतात त्याचा इतिहास दुसरे लिहितात, आणि तो त्यांना सोयीचा वाटेल तसा लिहितात.

९. विद्यार्थ्यांसाठी उपक्रम

(१) आपल्या घरातील सर्वांत जुना फोटो किंवा कागद शोधा. त्यातील व्यक्तींची नावे आजी-आजोबांना विचारून लिहा. हे काम याच सुट्टीत करा.

(२) बिंदू चौक आणि माणगाव यांना भेट द्या. तेथील फलकांवरील मजकूर जसाच्या तसा उतरवून घ्या.

(३) वर दिलेल्या तिकिटांची व नाण्यांची कालक्रमाने यादी करून प्रत्येक सालाखाली त्या वर्षीची एक सामाजिक घटना लिहा.

(४) वस्तीतील एका ज्येष्ठ व्यक्तीची एक तास मुलाखत ध्वनिमुद्रित करा. तारीख, ठिकाण व नाव आरंभीच बोलून घ्या.

समारोप

विहारात एक लोखंडी कपाट आणि एक नोंदवही, एवढ्यावर हे काम सुरू होऊ शकते. त्यासाठी फार पैसा लागत नाही. कोणाच्या घरातील वस्तू काढून घ्यावयाची नाही. ज्यांना स्वतःजवळ ठेवावयाची आहे त्यांनी ठेवावी, आपण फक्त प्रत आणि नोंद घ्यावी. नोंदवहीतील पहिली नोंद आम्ही केली आहे. ती वस्तूची नाही. तात्यांनी आठवून सांगितलेली, हरवलेल्या फोटोतील माणसांची नावे आहेत. अकरा नावे मिळाली. मागच्या रांगेतील चौघांची नावे त्यांना आठवत नाहीत. वाचकांपैकी कोणाच्या घरी त्या फोटोची दुसरी प्रत असेल, तर ती आम्हांला एकदा पाहावयास द्यावी, ही नम्र विनंती.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम, जय भारत.